एक लिटर

खैरटोल्याच्या बोडीचं पाणी
थंड्याच्या दोन लिटरी बाटलीतून आलं,
बुचाला लुगड्याची चिंधी बांधलेली.
भागरता शेंडे लाखनीला गाडी बदलून आली होती.
दुसऱ्या पिशवीत, बर्फाच्या चुऱ्यात, एक मरळ,
कुशीवर लाल चट्टा, अंगठा टेकेल एवढा.

"झिबलनं औषध टाकलं म्हन्तेत.
आता त्याच्या घरी कोनी जात नाही,
त्याच्या पोरीले हापशीवर पानी भरू देत नाही.
तुमची मशीन सांगते का, बाई, कोनाचं काम होय?"

मशीन नावं सांगते, मी म्हटलं, पण माणसांची नाही.
"मंग कोनाची?"

पांढरा गाळणकागद, रुपयापेक्षा थोडा मोठा.
त्यातून एक लिटर उतरायला अर्धी सकाळ गेली.
मागे राहिला चहाच्या फडक्यासारखा डाग.
तो चिमट्यानं उचलला, श्वास रोखून,
कारण माझा श्वासही त्यात उमटला असता.
माशाचा चट्टा वेगळा कुस्करला.
लाईट गेली. आली. पुन्हा गेली.

दिवेलागणीला कंपासपेटीएवढ्या यंत्रातून
पडद्यावर अक्षरं सांडू लागली,
ए जी जी टी सी ए ए टी जी
भागरता टाचा उंचावून बघत होती.
"चारच? बाराखडीत तं लय होते."
चारच. मरळ या चारांत, धान या चारांत,
तू, मी,
आणि मरळीला खाणारं ते.

ती भाचीकडे मुक्कामाला राहिली.
सकाळी यादी तयार होती.
रोहू, कटला: सोसायटीचं बीज.
बोटरी. दाडक. म्हैस.
देवधान, जे कुणी पेरत नाही.
एक बगळा, बहुधा नुसता उभा राहून गेलेला.
माणसाचे तुकडे आम्ही न वाचता पुसतो, नियम आहे;
कुणाची आंघोळ, कुणाच्या टाचेची भेग,
असेल त्यात झिबलही.

आणि चट्ट्यात सापडलं ते: अफानोमायसिस.
दिसायला बुरशी, पण अक्षरं म्हणतात बुरशी नव्हे,
शेवाळाच्या भावकीतलं, वाट चुकलेलं.
थंडी पडली की मरळीच्या कातड्यात घर करतं.
पाण्यात चुना टाका, मी सांगितलं.
तिनं कमरेची डबी काढून दाखवली, "हा?"
आम्ही दोघी हसलो. आधी ती थांबली.

यादीच्या तळाशी एक ओळ अर्धवट.
एक्याऐंशी टक्के जुळतं, दूरच्या कुठल्या नदीतल्या माशाशी.
पुढे नाव नाही. कुठल्याच वहीत नाही.
"लहान हाये का? गाळात रायते?"
ते अक्षरांवरून कळत नाही.
"तांबुटी होय. माही सासू धरे.
मी लगन होऊन आली तवापासून दोनदाच पाह्यली."
मी खात्री देऊ शकत नव्हते.
पेन्सिलीनं लिहिलं.

मग पंचायतीसाठी कागद.
तिला एकच ओळ हवी होती: विष नव्हतं.
तीच मला लिहिता येईना.
विषाला अक्षरं नसतात,
या यंत्रापुढून ते सरळ निघून जातं.
लिहिलं: मरळीला रोग आहे, रोगाचं नाव हे.
सही, शिक्का.

तिनं कागद चार घड्या करून पोलक्यात ठेवला.
"बाई, पयलं कोन बोललं,
तेही निघते का पान्यात?"
नाही, मी म्हटलं.
ती खिडकीबाहेर बघत होती,
तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

दारापर्यंत जाऊन परत फिरली.
बाटलीत उरलेलं पाणी मागितलं.
"बोडीचं हाये. बोडीतच नेऊन टाकतो."