डाव्या कानाचं टोक

सह्यांचा कागद माझ्याच मजल्यावरून निघाला होता,
हे आधी सांगून टाकतो.
'अंगणातल्या मांजरांचा कायमचा बंदोबस्त व्हावा.'
बंदोबस्त म्हणजे काय, कुणी विचारलं नाही.
अठरा बिऱ्हाडं, सतरा सह्या.
मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात;
त्या संध्याकाळी जिन्यात
डोळे आम्ही मिटले होते.

अठरावी ओंदिना. तळमजला. वय त्र्याहत्तर.
त्रिएस्तेच्या बंदरात कॉफीची पोती मोजण्यात हयात गेली,
मांजरंही ती मोजूनच ठेवते
हिशेबाच्या जुन्या वहीत, शिसपेन्सिलीनं:
काळा बोका, नसबंदी झाली.
तिरंगी, झाली.
राखाडी मादी, डावा डोळा पाणावलेला, बाकी.
आणि एका पानावर नुसती तारीख,
पुढे: कुणीतरी मटणात विष घातलं. चार.

फेब्रुवारीत डोंगरावरून बोरा उतरला.
हा वारा सुटला की माझ्या लहानपणी
रस्त्याच्या कडेनं दोर बांधायचे,
माणसं धरून धरून घरी जायची.
मांजरांसाठी दोर कोण बांधणार?
त्याच रात्री तिनं दार वाजवलं,
मनगट प्लास्टरमध्ये.
"लिव्हियो, पिंजरा उचलायला एक हात हवाय.
सही केलेला असला तरी चालेल."

कचऱ्याच्या डब्यांमागे आम्ही दोन तास उकिडवे बसलो.
पिंजऱ्यात वर्तमानपत्र, त्यावर एक सार्डिन.
झडप पडली, आणि आत
जे काही उसळलं त्याला मांजर म्हणवेना.
ओंदिनानं टेबलावरची जुनी चादर वर टाकली.
अंधार झाला तशी ती गप्प झाली.
चाळीस वर्षं मी क्रेनवर होतो,
टनांनी माल उचलला, हात हलला नाही.
ही अडीच किलो.
कडीपाशी माझी बोटं थरथरत होती,
वाऱ्यानं म्हणू या.

डॉक्टर मिलिचनी बेशुद्धीतच
डाव्या कानाचं टोक कापलं, नखाएवढं,
म्हणजे पुन्हा कुणी धरून टेबलावर आणू नये.
तीही सहीच म्हणायची.
माझ्या सहीपेक्षा लहान, आणि कामाची.

रात्रभर ती माझ्या न्हाणीघरात होती.
उपकार वगैरे काही मानले नाहीत,
फिस्कारली, बशी उलटवली.
दुसऱ्या दिवशी त्याच अंगणात दार उघडलं
आणि ती गेली, मागे न बघता.

आता मी मजल्यामजल्यावर दुसरा कागद घेऊन फिरतो.
सांगतो: ही उचलून नेलीत
तर रेल्वे यार्डातून दुसरी येतील,
जागा काही रिकामी राहत नाही.
यांना पिल्लं होणार नाहीत.
यांना आपल्या गाद्यांवर झोपायचंही नाही.
झोर्झेनोन म्हणतो, एवढा पुळका असेल तर घरात घ्या.
घरात घ्या किंवा मारून टाका,
अरे, या दोहोंच्या मध्ये एक अंगण असतं.

तो खोटारडा नाही मात्र.
त्याच्या तळघरात मुताचा वास येतो, खरंच येतो.
शनिवारी मी व्हिनेगर घेऊन फरशी घासून दिली.
त्यानं सही केली नाही.
दिवा तेवढा धरून उभा राहिला.

अकरा झाल्या आजवर.
राखाडी अजून मला जवळ येऊ देत नाही.
तीन मीटर. मी पावलं मोजली आहेत.
वाटी ठेवतो, तेवढं मागे सरतो,
आणि ती कापलेला कान माझ्याकडे वळवून
खाते,
डोळे उघडे ठेवून.