करंगळीची रजा

गंगावेशीत पहाट झाली, चरवीत पडती धार,
म्हशीखालनं रायगोंडा इचारतोय समाचार.
"फौजी, बॉर्डर कशी हाय रं?" फेसाळ ग्लास देतो.
म्हटलं, तिकडं दुधासाठी माणूस कुऱ्हाड घेतो.

जोतिबाच्या डोंगरावर जोतिबा ठेव अजून चार,
तिथनं वर मान कर, दिसंल पत्र्याचं दार.
त्यो आमचा बंगला! आत सहा जणं, एक बुखारी,
धूर इतका, की नाकातनं काजळ निघतंय भारी.

अंडं तिथलं फुटत न्हाई, हातोडीनं फोड,
टमाटं मारलं तर खिडकी जाईल, नेमाला न्हाई तोड.
पेस्टची होती काडी, तिला उबवत बसतो गडी,
आंघोळ म्हंजे सणच, त्येची बी वाट बघत्यात बापडी.

आईनं दिलती कांदा-लसूण चटणी किलोभर.
गढवालचा बिष्ट हसला, "चटनी ही तो है," चमचाभर
तोंडात टाकली,
आन् अर्धा तास बर्फात मुंडी खुपसून बसला.
साहेब धावत आले, "कोण? हल्ला कुठनं झाला?"
म्हटलं, "सर, माझी आई."
दुसऱ्या दिवशी बिष्टच डबा घेऊन दारात हुबा ऱ्हाई.

फोन मिळतो दोन मिनिटं. वैजयंता सुरू होती:
मोटर जळली, पोराचा दात पडला, सासूबाई रुसत्या...
आवाज जातो आभाळातनं, फिरून येतो हळू,
माझं "जेवलीस का?" पोचायच्या आत
लाइन लागती पळू.

आन् बर्फ? चहूकडं नुसता पांढरा रस्सा, रायगोंडा,
नजर जाईल तिथवर.
रात्री पहाऱ्यावर एकच मागणं अंबाबाईपुढं:
आई, आज तांबडा वाढू नको ताटावर.

त्यो गप झाला. मग त्येची नजर गेली खाली,
कापशीच्या नव्या चपलंत बोटं मोजली. चारच झाली.
"पाचवं कुठाय?"
"करंगळी व्हय? ती तिकडंच ड्यूटीवर.
अर्ज केलता, साहेब म्हणालं, रजा न्हाई मंजूर."

वाटलं, हसंल. हसला न्हाई.
ग्लास परत काठोकाठ भरला.
पैशे मात्र एकाच ग्लासाचं घेतलं,
आन् दुसऱ्या गिऱ्हाइकाला वरडला, "हितं काय बघतोस? सर की!"

म्हशीनं शेपटी हाणली माझ्या तोंडावर.
ग्लास दोन्ही हातांत धरला.
चांगला गरम होता.