रकाना

लिहायचं कीगली, म्हणायचं कीथली,
हे मला आर्नल्ड ॲक्रॉइडनी शिकवलं
आणि वैशंपायन हे आडनाव मी त्यांना.
त्याला तीन महिने लागले.

लोकरीचं दुकान आणि खाटीक यांच्या मधे
त्यांची विम्याची पेढी. दाराला पितळी घंटी,
आत हिरव्या बांधणीच्या वह्या,
आणि वह्यांत नसलेलं सगळं त्यांच्या डोक्यात:
मर्गट्रॉइडबाई तेलाची कढई गॅसवर ठेवून
शेजारी गप्पांना जातात;
सटक्लिफचा मुलगा लायसन मिळाल्यापासून
भिंतींवर फार प्रेम करतो.
हप्ता सांगायच्या आधी ते चहा सांगत.
कप रिकामा होईस्तोवर आकडा पिकत असे.

मग टीव्हीवर, दोन मालिकांच्या मधे,
एक फोन नंबर येऊ लागला.
मधला माणूस काढा, म्हणाला, पैसे वाचवा.
मधला माणूस तेव्हा माझ्यासमोर
पेन्सिलीला टोक करत बसला होता.

सटक्लिफ पहिला गेला.
मर्गट्रॉइडबाई सांगायला स्वतः आल्या,
रडल्या, घरचा केक ठेवला,
आणि गेल्या.
ब्याण्णवपर्यंत घंटी फक्त वाऱ्यानं वाजायची.
शेवटच्या दिवशी त्यांनी मला किटली दिली
आणि कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

मी लीड्सला लागले, त्या नंबरच्या पलीकडे.
एका मजल्यावर दोनशे जणी,
स्क्रीन विचारणार, आपण बोलायचं.
तिथे मी नुसती कुंदा.
आडनावाला चार सेकंद लागतात,
आणि सेकंद मोजले जात.
खोटं कशाला बोलू, पगार दीडपट होता.
ब्रॅडफर्डची एक नर्स नव्वद पौंड वाचले म्हणून
फोनवरच हसली, पोराला बूट घेते म्हणाली.
ते हसू काही जाहिरातीतलं नव्हतं.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी कानात आलं:
गाडी आणि घर. दोन्ही.
आकड्याआधी घेतलेल्या श्वासावरून मी ओळखलं.
बोलले नाही. कॉल रेकॉर्ड होत होता.

व्यवसाय?
'होता,' ते म्हणाले.
यादीत 'होता' नव्हतं. मी 'निवृत्त' दाबलं.
त्यांचा चढ, त्यांचं धुराडं, फाटकाशी वाकलेलं हॉथॉर्न
पोस्टकोडच्या सात अक्षरांत बसलं.
एकशे चौऱ्याऐंशी पौंड, मी म्हणाले.
तिकडे पेन्सिल कागदावर घासल्याचा आवाज.

'माझ्याकडे दोनशे एकसष्ट झाले असते.
सकाळीच मांडून पाहिलं.'
मग जरा थांबून,
'हिशेब चोख आहे त्यांचा.'

मला वाटलं, झालं.

'पण तुमच्या यंत्रानं ओढ्याचं विचारलं नाही.
घरामागचा. अडुसष्ट साली
तिसऱ्या पायरीपर्यंत आला होता.
तेव्हापासून गप्प आहे, पण ओढा काही
निवृत्त होत नाही.
मी कुठल्या गिऱ्हाइकाला लपवायला शिकवलं नाही.
लिहून घ्या.'

मी स्क्रीन वर नेली, खाली नेली.
पूर: गेल्या पाच वर्षांत? हो. नाही.
नाही. पुढे.
तिसऱ्या पायरीला रकाना नव्हता.

'लिहिलं,' मी म्हणाले.
आणि लिहिलं होतं खरंच,
कँटीनच्या बिलामागे, हात आपोआप वळला तसं,
देवनागरीत:
ओढा, तिसरी पायरी, ६८.
ते बिल कोणत्या फाईलला लावायचं
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

सुपरवायझरनं काचेपलीकडून घड्याळ दाखवलं.

'आभारी आहे, मिस वैशंपायन,'
ते म्हणाले, एकेक अक्षर जागच्या जागी,
आणि त्याला त्यांनी
पुरते चार सेकंद घेतले.