उर्वरित अंश

डॉक्टर शेवाळे म्हणाले, दोन दिवस.
मरताना पिसवा जास्त वळवळतात म्हणे.
मानेमागे, जिथे जीभ पोचत नाही,
तिथे केस दुभंगून त्यांनी थेंब सोडले
आणि साडेतीनशे रुपये घेतले.

आज पाचवी रात्र.
खारी मागच्या पायाने कानामागे
शिलाई मशीन चालवावी तशी सुटली आहे,
टक टक टक, फरशीवर ढोपर.
थांबते. माझ्याकडे बघते,
मीच चावत असल्यासारखी.

इंदिरानगरात जानेवारीत फरशी अशी
की मोजे दोन-दोन घालायचे.
खालच्या गांगुर्डे मावशी जिन्यात अडवून सांगतात
कडुलिंबाचा पाला उकळ, खोबरेल लाव,
आणि खरं सांगू का,
एकट्या बाईनं मांजर पाळूच नये.
हे शेवटचं हळू म्हणाल्या,
चमचाभर औषध पाजावं तसं.

मी दिवसभर द्राक्षं तपासते.
दिंडोरीची, पिंपळगावची, वडनेरची,
पिशवीवर प्लॉट नंबर.
लगदा करायचा, गाळायचा,
यंत्राला द्यायचा आणि वाट बघायची:
फवारा मारून साठ दिवस झाले
तरी किती उरलंय.
दशांश चिन्हापुढे दोन शून्यं, मग एक आकडा येतो.
काही वेळा तोही येत नाही.
पण शून्य आम्ही कधीच लिहीत नाही.
'आढळले नाही' असं लिहितो
आणि खाली माझी सही.

तर खारीच्या अंगावर पिसू आढळली नाही.
बारीक फणीनं विंचरून ओल्या कापसावर झटकलं.
काळी कणी असती तर लाल पडली असती.
कापूस पांढराच राहिला.
आणि ती खाजवतेच आहे.

तीन वाजता तिला टॉवेलात गुंडाळून गॅलरीत आणलं.
पांडवलेणीच्या अंगाला कुठेतरी एक दिवा.
मानेमागे बोट घातलं,
थेंबाच्या जागी केस अजून चिकट, टोकदार.
हळू खाजवलं, बरोबर तिथेच.
तिनं मान ताणली, डोळे मिटले,
आणि मागचा पाय टॉवेलातून बाहेर येऊन
हवेतच चालत राहिला
थोडा वेळ.

सकाळी सिटीलिंकमध्ये माझं मनगट खाजायला लागलं.
बाही वर करून उजेडात धरलं.
ठिपका नाही, पुरळ नाही.
नखं तरी थांबली नाहीत,
पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघेपर्यंत.