पान बारा

मॅडम म्हणाल्या, मोर्जे, अहवाल तुम्ही लिहा,
पाच वर्षांचा, सोळा पानी, फोटो कमी.
आचारसंहितेच्या आत छापून हवा.
मी बारनिशीतला माणूस. माझं व्याकरण एवढंच:
अर्ज आला, क्रमांक पडला, अर्ज गेला.
तरी बसलो.

पहिल्या पानावर नाव, द्वारका खवणेकर, नगराध्यक्षा.
प्रेसवाल्याने आपल्या मनाने वर 'कार्यसम्राज्ञी' बसवलं होतं.
ज्या तांबड्या पेनाने त्या ठेकेदारांची बिलं अडवतात
त्याच पेनाने ते गेलं.

नळपाणी योजना. वाढीव टाकी, एक लाख लिटर.
यात हे आलं नाही
की एप्रिलअखेर कातळवाडीच्या चढावर पाणी चढेना
तेव्हा बाई पहाटे चारला व्हॉलवर जाऊन उभ्या राहत.
झिलू पाना फिरवी, त्या आटे मोजत:
सात बाजारपेठेला, अकरा कातळवाडीला.
त्यांचं स्वतःचं घर बाजारपेठेत.

बंदर रस्त्यावर दिवे, चाळीस.
पैकी एकोणीस खाऱ्या वाऱ्याने खाल्ले.
मी चाळीसवर पूर्णविराम दिला होता.
'पैकी'पासून पुढचं त्यांनी लिहायला लावलं.

स्मशानाची शेड आणि कबरस्तानाची भिंत एकाच ठरावात,
कारण चिरा एकाच खाणीतून येणार होता
आणि ट्रकभाडं वाचणार होतं.
सभागृहात दोन तास भांडण.
भाडं मात्र वाचलं.

मासळी मार्केट, महिला स्वच्छतागृह, सीट सहा.
चारदा निविदा काढली, तीनदा कुत्रं फिरकलं नाही.
आकडा चुकू नये म्हणून स्वतः मोजायला गेलो,
तर सुरमईच्या पाटीमागून रुक्मिण तांडेल ओरडली,
"काय मोजतंस रे मेल्या?
पंचवीस वर्सां सकाळपासून पाण्याचो थेंब घेवक नाय मी.
जावचा खंय?
आता तान लागली काय पितंय. ह्यां लिव."
आणि माझ्यासमोरच बाटली तोंडाला लावली,
हनुवटीवरून ओघळलं तरी थांबली नाही.
मी तक्ता पाहिला.
काम, खर्च, निधीचा स्रोत, दिनांक.
हे कुठे लिहू?
सहा लिहून परत आलो.

मग त्या म्हणाल्या, एक पान ठेवा,
न झालेली कामे.
मॅडम, याचा नमुना नाही.
पट्टी आहे ना? रेघा मारा.

कचरा डेपो अजून कांदळवनाला लागूनच,
भरतीला आपल्याच पिशव्या आपल्याला भेटायला येतात.
शाळा क्रमांक तीन, पट सात.
जेटीचा जिना: ओहोटीला शेवटच्या दोन पायऱ्या नाहीत.
इब्राहिम मुजावर तिथेच पडला, खुबा मोडला.
म्हटलं, अहवालात माणसाचं नाव नसतं.
म्हणाल्या, राहू दे त्याचं.

तीन हजार प्रती आल्या त्याच संध्याकाळी
पक्षाच्या कार्यालयातून दोन पोरं आली, ब्लेड घेऊन.
पान बारा उडवायचं, वरून आदेश.
पहिली प्रत उघडली, ब्लेड टेकवलं, पान उलटून पाहिलं
आणि एकमेकांकडे बघत राहिली.
मागे पान अकरा.
अकरावर मंत्रीसाहेब, फीत कापताना, पूर्ण पान, रंगीत.
एकाने फोन लावला, बाहेर जाऊन बोलला,
आत येऊन म्हणाला, असू दे.
ब्लेड माझ्या टेबलावरच विसरली.
मी तिने पेन्सिलीला टोक काढतो.

पानं कोणी लावली, असं नंतर विचारणा झाली.
प्रेसवाल्याने, मी सांगितलं.
प्रेसवाल्याने माझं नाव सांगितलं.
दोघांच्याही जबाबांना जावक क्रमांक मीच दिला.

निकालाचं मला विचारू नका,
तो अहवालाच्या कालावधीत येत नाही.
नव्या केबिनला नवा पडदा आलाय, कोनाड्यातला गणपती तोच.
रोज सकाळी फायली आत जातात
तेव्हा जेटीच्या जिन्याची मी सर्वांत वर ठेवतो.
संध्याकाळी ती सर्वांत खाली होऊन परत येते.
मी पुन्हा वर ठेवतो.
निवृत्तीला चौदा महिने आहेत.