रविवारी परत

गिटार मीच विकली होती.
हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं सोपं जाईल.
तांब्याचा भाव पडला त्या वर्षी,
तीन पोती मक्याचं पीठ आणि एक ब्लँकेट, एवढ्याला.
कापेम्ब्वा खाणीतून आला, हात धुतले,
खुंटीकडे बघितलं,
जेवला.
पीठ जरा जाड आहे, एवढंच म्हणाला.

चाळीस वर्षं झाली. खुंटी अजून आहे.
तिच्यावर माझी छत्री असते.

मग एका दुपारी लुसाकाहून एक पोरगी आली,
हातात यांची तबकडी,
परदेशात कुणीतरी नव्यानं काढलेली.
पैशांचं तिलाही काही माहीत नव्हतं.
कव्हरवर चौघं, घेरदार विजारी, केसांचे ढग,
आणि एनोक, ज्याला पुढे त्या आजारानं नेलं
ज्याचं नाव आम्ही तेव्हा खोकल्यावर ढकलायचो.
‘कॉपर टीथ’ अजून वाजवतात का? तिनं विचारलं.
सिकोटा कोंबड्या विकतो.
काफुलाला डाव्या कानानं ऐकू येत नाही.
आणि हा, माझ्याकडे न बघता,
वाजवतो, म्हणाला.

तर मी बसनं लुआन्श्याला गेले.
गिटार कुठल्या चर्चमध्ये आहे ते मला ठाऊक होतं;
दोनदा मागच्या बाकावर बसून ऐकून आले होते,
घरी न सांगता.
वाजवणारा मुलगा असेल एकोणीसचा.
दिली त्यानं, पण पट्टा सुटेना हातातून.
रविवारी नऊची प्रार्थना असते, म्हणाला.
तोवर परत.

काफुए नदीकाठचं मैदान, शनिवार,
यांना वेळ मिळाली तीन चाळीसची,
लोक सावली आणि बिअर शोधत फिरतात तेव्हाची.
जॅकरंडाची फुलं स्पीकरवर पडत होती.
एनोकच्या जागी कुणाला घेतलं नव्हतं.
तिथं सिकोटानं आपली पिशवी ठेवली.
मी कडेला खुर्चीत,
मांडीवर याच्या गोळ्या, एक केळं, टॉवेल.

पहिलं गाणं पडलं. लाज कसली सांगायला.
काफुला अर्धा ठोका मागे,
सिकोटा दुसरं कडवं विसरला,
पहिलंच पुन्हा म्हणाला, मग आणखी एकदा.
माझ्या शेजारचा पोरगा फोनमध्ये.

मग यानं गिटार कानाशी नेली,
पीठ खवट नाही ना बघायला मूठ नाकाशी नेतात तशी,
आणि खालची तार थोडी उतरवली.
चर्चची पट्टी वेगळी, आमची वेगळी.
आणि तो आवाज आला.
कसा सांगू?
खाणीचा पिंजरा खाली सुटतो
आणि पोट वरच राहतं,
तसा.
काफुलानं चांगला कान इकडे वळवला,
ठोका सापडला त्याला,
अंधारात चप्पल सापडते तसा, पायानंच.
फोनवाल्यानं मान वर केली.
पोरं पुढे सरकली, लाल धूळ उडाली,
आणि शब्द येत होते त्यांना!
माझ्या मुलांनाही जे पाठ नाहीत, ते.
सिकोटा अडला तिथं त्यांनीच म्हटलं.
मी नाचले नाही.
टॉवेल फिरवला असेन.

रात्री घरी भारनियमन.
अंधारात हा बोटांवरचे फोड चोळत बसला.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
ते पीठ काही तेवढं जाड नव्हतं.

रविवारी नऊला आम्ही मागच्या बाकावर, दोघंही.
मुलानं पहिला झंकार काढला,
खालची तार उतरलेलीच.
त्यानं आमच्याकडे बघितलं.
हा छताकडे बघू लागला.
मुलानं खुंटीला हात घातला, थांबला,
आणि प्रार्थना तशीच वाजवली.