डावी मूठ

गॅनेट कोव्हमध्ये रस्ता एकच.
तो संपतो तिथे ब्राँझचा लिअँडर पार्डी उभा आहे,
समुद्राकडे पाठ करून. जिवंतपणी कधी केली नसेल त्याने.
खाली ग्रॅनाइटवर तेवीस नावं, सगळी एकाच मापाची,
कोरताना गावाने डावं-उजवं केलं नाही.
घरं तेव्हा होती एकेचाळीस.

बावीस जण नुसते गेले.
लिअँडरने जाण्याआधी चौघांना पाठीवरून आणलं
आणि पाचव्याला आणायला गेला.
म्हणून पुतळा त्याचा.
वर्गणी माशांत जमली, घरटी अर्धा क्विंटल सुकवलेला कॉड.
विधवांना माफ होती. विधवांनीच आधी आणून टाकला.

शिल्पकार सेंट जॉन्सचा. त्याच्यापाशी एक फोटो,
टोपीचं माप, आणि सैन्याची नियमावली.
त्याने बंदूक उजव्या हातात दिली.

ड्रुसिला म्हणाली, हा माझा भाऊ नव्हे.

धक्क्यावर मासे चिरायच्या टेबलाशी
तिघं एका अंगाला उभी राहत,
गळा कापणारा, डोकं मोडणारी, मीठ लावणारी.
लिअँडर समोरच्या अंगाला, एकटा.
त्याची सुरी लोहाराने मुद्दाम उलटी वाकवलेली.
एका ओढीत कणा बाहेर,
मासा उघडा, वहीसारखा.
डाव्या हाताचा खेळ आहे हा, म्हणायचा,
आणि ओलं बोट तिच्या नाकाला पुसायचा.

शाळेत मास्तरांनी तो हात बाकाला बांधून ठेवला होता.
सैन्याला बांधावा लागला नाही.
बंदुकीचा बोल्टच उजवीकडे असतो.
ड्रुसिला पावाचं पीठ मळता मळता थांबायची, हिशेब करायची:
एक गोळी झाडून दुसरी भरायला
उजव्या माणसाला लागतो किती वेळ,
आणि उजव्याची नक्कल करणाऱ्याला किती?
अर्धा श्वास?
पाऊण?
पीठ तसंच कोरडं पडत जायचं.

मी नऊ वर्षांचा, शिडी धरायचं काम माझं.
दर एक जुलैला, पहाटे, धुकं उठायच्या आत
ती वर चढायची.
समितीने उजव्या हातापाशी खोवलेली निळी फुलं काढून
खाली लोंबणाऱ्या डाव्या मुठीत बांधायची,
गळाच्या दोऱ्याने, ओली गाठ मारून.
दहा वाजता बिगुल, पाद्री, शांतता.
कुणाचं तरी बाळ रडायचंच.
अकराला ॲझराया स्नूक खिशातला चाकू काढून
दोरा कापायचा,
फुलं परत उजवीकडे.
ती बाजूला उभी राहून बघायची, घरी जायची.
एकतीस वर्षं. दोघांत या बाबतीत एक शब्द नाही.

ॲझराया म्हणजे तो चौथा.

एकदा जाळं विणता विणता मी त्याला विचारलं, का हो?
बराच वेळ बोललाच नाही. मग मांडीवरच्या
जुन्या खड्ड्यावर तळवा ठेवला.
मला तर त्याचा उजवाच माहीत आहे, म्हणाला.
इथे होता.
डाव्याने तो चिखल बाजूला करत होता, म्हणतात.
मी पालथा होतो, मला दिसला नाही.

दोघंही आता टेकडीवर, दफनभूमीत. कॉडही गेला.
धक्क्याच्या फळ्या कुणी जळणाला नेल्या,
त्यातच ती एक असणार,
एकट्याच्या दोन पायांनी झिजलेली.
सुरी संग्रहालयात, काचेआड.
खाली चिठ्ठी: 'सुरी, वाकून निकामी झालेली.'
मी दोनदा सांगून आलो. मुलगी म्हणाली, नोंद करते.

यंदाही एक जुलै. धुकं.
गुडघे कुरकुरतात, तरी वर आलोय.
हातात निळी फुलं, दव धरलेली.
खाली शिडी धरून ड्रुसिलाच्या पुतण्याची नात,
च्युइंग गम चघळत.
आजोबा, कुठल्या हातात?

ब्राँझ गार आहे.
ती पुन्हा विचारते.